जित्याला वारा

लॅपटॉप आणला तेव्हा आईनं तो आधी तागडीत ठेवला.
एक किलो शंभर. "एवढ्या वजनाला एवढं पैसं?"
म्हणाली, आणि उलटा करून कुठून कापतात ते शोधू लागली.
अठरा हप्त्यांतला तो पहिला दिवस.
दुकानदारानं कागदाच्या पाकिटातून काढून दाखवला होता,
बघा किती पातळ.
पातळपणाचे पैसे पडतात हे तेव्हाच कळलं.
झळ कळली मे महिन्यात.

दिवाळे गाव, जेट्टीकडून तिसरी गल्ली,
पत्र्याखालची माडी, रात्रीचे अडीच.
समोर जयवंत भोईरची हळद:
चार कॅमेरे, एक ड्रोन, साठ-सत्तर करवल्या
आणि प्रत्येकीला गोरं दिसायचंय.
एक्स्पोर्ट बासष्ट टक्क्यांवर अडलेलं.
आतला पंखा, चार नाण्यांच्या चवडीएवढा,
ओहोटीत रुतलेल्या होडीचं मशीन ओरडावं तसा ओरडतोय.
वरच्या ओळीतल्या बटणांवर बोट ठरत नाही.

नेरुळच्या जोजीनं मागे उघडून दाखवलं होतं:
तांब्याची चपटी नळी, नळीत थेंबभर पाणी.
इकडे तापून वाफ होतं, तिकडे निवून पुन्हा पाणी.
दिवसभर तेच, खाडीसारखी ये-जा.
आणि अगदीच सोसेना झालं की
चिप आपणहून हळू होते.
"जळण्यापेक्षा रेंगाळलेलं बरं, तिला कळतं.
तुला कधी कळणार?"
सुकलेली पेस्ट खरवडली, नवी लावली, चारशे घेतले.

जयवंतचा मेसेज: भाई झाला का.
पुन्हा: भाई.
त्रेसष्ट.

मग मी खाली गेलो.
ओट्यावर थर्माकोलची पेटी, सकाळच्या धंद्याचा फोडलेला बर्फ.
ती वर आणली. बर्फावर प्लास्टिक, प्लास्टिकवर लॅपटॉप.
पाच मिनिटांत ओरडणं उतरलं.
पासष्ट. अडुसष्ट. एकाहत्तर.
स्वतःवर इतका खूश होतो
की कडेकडेनं त्याला फुटलेला घाम दिसलाच नाही.

दिसला आईला. ती तीनला उठते.
दारात उभी, अंबाडा अर्धा बांधलेला.
"काय रं, मेला का तो?"
मी म्हटलं, तापला होता.
"बरफ मेल्याला लावतान.
जित्याला वारा लागतो."

उचलला. पदरानं पुसला.
मागची फट अंगठ्यानं चाचपली,
बांगड्याचे कल्ले उघडून बघते तशी.
"कल्ले हितं हान याचे. नि तू रोज उशीत दाबतोस."

ताप बघायला तिनं तळवा नाही लावला, मनगट लावलं.
बत्तीस वर्षं बर्फात राहून तिच्या बोटांना
गरम-गार सांगता येत नाही.
माझा लहानपणीचा तापही ती मनगटानंच बघायची.
मला वाटायचं, सगळ्यांच्या आया तसंच बघतात.

कोपऱ्यातली वेताची पाटी उपडी घातली,
वास न गेलेली, तिच्यावर त्याला बसवलं,
आणि डासांसाठी मी बंद ठेवलेली
खाडीकडची खिडकी उघडली.
वारा आला, सुकटीसकट.

टक्का मात्र हलेना. एकाहत्तरच.
मी बोट पुढे केलं तर तिनं हातावर चापट मारली.
मग पेटीत हात घालून उरलेला बर्फ चाचपत राहिली.
निम्मा मी वितळवला होता.
त्याबद्दल बोलली नाही, पेटी उचलून जिना उतरली,
पायरीपायरीवर पाणी सांडत.

पावणेचारला टेम्पोचा हॉर्न.
पडद्यावर त्र्याहत्तर.
जयवंतला लिहिलं: उद्या दुपारी.
त्यानं निळा अंगठा पाठवला, झोपेत पाठवावा तसा.
मी जमिनीवर आडवा झालो.
पाटीच्या वेतांमधून येणारी गरम हवा
बराच वेळ माझ्या पावलांना लागत होती.